आज भांग हाय

श्रावण लागला की आमच्या घरातलं घड्याळ बिघडतं. भिंतीवरचं नाही, ते व्यवस्थित चालतं. बिघडतं ते आईचं. एरवी ती दिवसातून एकदा तिथी विचारते, श्रावणात उठता बसता. सकाळी मी दुकानात कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स काढत असते आणि मागच्या खोलीतून आवाज येतो, "बाय, आज तिथी काय गं?" मी सांगते, षष्ठी. मग, "म्हंजी आता पानी उतराय लागलं असंल." गिऱ्हाईक बाहेरच्या नळाकडं बघतं. आमच्या नगरच्या केडगावात पाणी म्हटलं की माणसाला टँकर आठवतो नाहीतर नळ. समुद्र कुणाच्या डोक्यात येणार?

समुद्र इथून घाट उतरून पलीकडं, पार मुंबईला. इथं दारासमोरून पुण्याचा रस्ता जातो. श्रावणात त्याच्यावर बुरबुर पडते, ट्रक चिखल उडवत जातात, चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि घरभर ओलसर वास राहतो. हा वास आला की मला खडपं आठवतं. मी खडपं कधी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं गाव आठवतं कसं, हे मलाच अजून समजलेलं नाही.

खडपं हे आईचं माहेर. मुंबईच्या बंदराच्या कडेला, खडकाच्या एका पट्टीवर कोळ्यांची थोडीशी घरं. समोर होड्या, मागं बांबूंवर ओळीनं टांगलेले बोंबील, आणि मध्ये एक शेंदूर लावलेला दगड, ती त्यांची देवी. मोठी बोट बंदरात शिरताना भोंगा वाजवायची तेव्हा घरातली भांडी थरथरायची, असं आई सांगते. कोळशाची पूड उडून बोंबलांवर बसायची आणि बायका शिव्या देत ते पुन्हा धुवायच्या. बंदर आधी की खडपं आधी, यावर तिथली माणसं आजही भांडतात. मामा म्हणतो, आमचं गाव होतं म्हणून इथं बंदर झालं. बंदरातले लोक म्हणायचे, बंदर झालं म्हणून तुम्ही पोट भरायला आलात. आईला विचारलं तर ती म्हणते, "देवीला इचारा. आमी कुठं हुतो तवा."

आमचे अण्णा पारनेर तालुक्यातले. पोरवयात मुंबईला गेले आणि बंदरातल्या एका वर्कशॉपात फिटर झाले. दुपारच्या सुट्टीत कामगारांना मासळी विकायला बायका यायच्या, त्यात आई होती. अण्णांना काटे काढता यायचे नाहीत. सगळे हसायचे. आईनं एकदा बसून काढून दिले, आणि पुढचं काय झालं ते दोघांनीही कधी नीट सांगितलं नाही. आम्हाला एवढंच ठाऊक, की नागापूरच्या एमआयडीसीत कारखाने उभे राहिले, अण्णांना तिथं काम लागलं, आणि आई टोपलीभर सुकट घेऊन केडगावात आली. ती येताना समुद्र मागं ठेवून आली, असं मला वाटायचं. पण तिनं तो तिथीत बांधून आणला होता.

कोळ्यांत दोन शब्द महत्त्वाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, ओढ नसते, तो भांग. भांगाला जाळ्यात फारसं काही येत नाही. म्हणून आईच्या हिशेबी अष्टमी म्हणजे काही हाती न लागण्याचा दिवस. अण्णा साहेबांकडं बढतीचं विचारायला निघाले की ती दारातून म्हणायची, "आज भांग हाय, कशाला जाताय?" अण्णा जायचे आणि हात हलवत परत यायचे. मग महिनाभर हे ऐकावं लागायचं.

आमच्या शेजारी रशीदाचाची राहतात. आई नवीन असताना त्यांनी भिंतीवरून हाक मारली, की आज दुपारी या, शेवया करायला बसलोय. आई म्हणाली, "आज न्हाई. आज भांग हाय." आता पाण्याचा तो भांग आणि शंकराची ती भांग, यांत फरक पडायला पुढं 'होता' की 'होती' असं काहीतरी लागतं. 'हाय'मध्ये काहीच कळत नाही. संध्याकाळी चाची डोक्यावर पदर ओढून अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाईसाब, बाई लई चांगली हाय तुमची. पर तिची ही सवय मोडा." अण्णांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते एवढे हसले की ठसका लागला. आता चाची थकल्या आहेत, पण अष्टमीला अजून विचारतात, "आज तुमच्याकडं घोटलेली हाय का?"

उलट बाजूनंही गोंधळ झाला. मी हे झेरॉक्सचं दुकान काढायचं ठरवलं तेव्हा आईनं मुहूर्त दिला अमावास्येचा. उधाण ना! पारनेरहून चुलते-चुलत्या आले आणि तिथी कळल्यावर दारातच थबकले. चुलती म्हणाली, "येड लागलं का वैनी? आवसंला कुनी दुकान उघडतं व्हय?" आई म्हणाली, "पानी चढंल तवाच होडी लोटायची." मी मधे उभी, हातात नारळ. अण्णांच्या घरची तिथी मान्य करू की आईच्या घरची? शेवटी फोडला त्या दिवशी. दुकान चाललं आहे बऱ्यापैकी. कुणाच्या तिथीनं, हे काही सांगता येत नाही.

खडपं आता नाही. बंदर वाढलं, खडक भरावाखाली गेले, घरं मागच्या इमारतींत हलवली. होड्या दुसरीकडं बांधल्या गेल्या. देवीचा दगडसुद्धा उचलला. तो आता इमारतीच्या दारात वॉचमनच्या खुर्चीशेजारी आहे म्हणे. हे सगळं झालं तेव्हा मी तान्ही होते, म्हणून आईला जाता आलं नाही. तिनं गाव मोडताना पाहिलंच नाही. मामा तेव्हा शाळकरी पोर होता, त्यानं पाहिलं. त्यामुळं खडप्याचा विषय निघाला की दोघांची जुंपते. मामा म्हणतो, "ताई, मोडताना मी होतो." आई म्हणते, "उभं हुतं तवा मी हुते." दोघंही खरं बोलतात, आणि तरी दोघांची गावं जुळत नाहीत. मामाच्या गावात विहीर देवीच्या मागं आहे, आईच्या गावात पुढं.

गेल्या वर्षीच्या श्रावणाची गोष्ट सांगते. खरं तर तोच श्रावण डोक्यात घोळतोय. मामाची नात तन्वी चित्रकला शिकते. तिचा व्हिडिओ कॉल आला. इमारतीच्या कंपाउंडच्या लांबलचक भिंतीवर जुनं खडपं रंगवायचं ठरलं होतं, नारळी पौर्णिमेच्या आधी. फोटो कुणाकडंच नव्हते. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून काढायचं. म्हाताऱ्यांतली गाव नीट आठवणारी, आणि तिथं कामधंदा केलेली, आता आईच उरली होती. तन्वी म्हणाली, "आजी, तुम्ही सांगाल तसं काढते." आईनं केस सारखे केले, नवं लुगडं नेसून आली आणि खुर्चीत ताठ बसली. मी तिला इतकं खूश अण्णा गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

घरं झाली. होड्या झाल्या. विहिरीवरून मामा मागून ओरडला, तरी आईचीच विहीर राहिली. मग तन्वीनं विचारलं, "आणि आजी, सूर्य कुठं काढू?"

आई लगेच म्हणाली, "पान्यात. संध्याकाळचा. लाल होऊन पान्यात बुडायचा. देवीम्होरं उभं ऱ्हायलं की समोर दिसायचा."

तिकडं हशा पिकला. मामाचा चेहरा पडद्यावर आला. "काय गो ताई, बंदर पूर्वेला हाय. तिथं सूर्य उगवतो पाण्यातून, बुडतो आपल्या पाठीमागं, शहरात. घाटावर जाऊन दिशा पण विसरलीस? आता तू नगरचीच झालीस. आणि त्याचं पण नाव बदललं म्हणतात, मग तू कुठली तेच कळत नाय."

त्यानं हे थट्टेत म्हटलं. मामा थट्टाच करतो, प्रेमळ माणूस आहे. पण आईचा चेहरा मी पाहिला. ती म्हणाली, "बरं, तसं काढा," आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर तिनं तिथी विचारणं बंद केलं. मी आपली कान लावून बसायची. झेरॉक्स मशीन थांबलं की वाटायचं, आता हाक येईल. यायची नाही. मीच जाऊन सांगितलं एकदा, "आई, आज एकादशी, पाणी कसं असेल?" तर म्हणाली, "मला काय ठावं? मी नगरची." मामासाठी आणलेली राखी देवाच्या फळीवर तशीच पडून होती. पोस्टात टाकू का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बंदरावर माझं कोन हाय आता." रशीदाचाचींनीही भिंतीवरून मला विचारलं, "तुझ्या आईचा समिंदर आटला काय गं?" मला हसायला आलं नाही.

मी मोबाईलवर नकाशा काढून पाहिला. बंदर पूर्वेलाच आहे. खडप्याच्या जागी पत्र्याची लांब गोदामं दिसतात आणि पुढं निळं पाणी. मामाचं बरोबर. मग आईला बुडणारा सूर्य कुठून आठवतो? तिनं तो बनवून सांगितला असं मन मानत नव्हतं. ती मासळीच्या भावात खोटं बोलेल, आठवणीत नाही. मी रात्रंदिवस हेच घोळवत बसले. मला वाटायला लागलं, सूर्य चुकला तर बाकीचंही चुकलं असेल. भोंगा, कोळशाची पूड, काटे काढून देणं. मी ज्याला आजोळ म्हणत आले ते कुठं होतं की नव्हतंच, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

नारळी पौर्णिमेला आई दरवर्षी नारळ सोडते. समुद्र नाही, तर कशात? अण्णांच्या गावी पारनेरच्या बाजूला एक पाझर तलाव आहे. माझ्या लहानपणी अण्णा कारखान्यातून अर्धी रजा टाकायचे, आम्ही एसटीनं जायचो आणि तिथून पायी. दोन्ही बाजूंना बाजरी, मधे मुगाची तोडणी चाललेली, बायका मान वर करून बघायच्या. आई काष्टा घालून, केसांत फूल माळून, नारळाला हळदीकुंकू लावून बांधावर उभी राहायची. गावातली पोरं ओरडायची, "आली दर्यावाली!" आईनं नारळ सोडला की पोरं पाण्यात उड्या मारून तो परत आणायची आणि फोडून खायची. आई रागवायची नाही. दर्याबी माघारी देतो, म्हणायची. एका वर्षी तलाव कोरडा ठणठणीत होता. तेव्हा तिनं भेगाळलेल्या गाळावर नारळ ठेवला, नमस्कार केला आणि अण्णांकडं बघून म्हणाली, "आज लई लांब गेलंय पानी." अण्णा तिच्या शेजारी तसेच उभे राहिले, टोपी काढून. त्यांचा ना समुद्राशी संबंध ना कोळ्यांच्या देवीशी. पण टोपी काढायचे.

गेल्या वर्षी ती येणार नाही म्हणाली. मीच हट्ट केला. रिक्षावाल्याला बांधापर्यंत घ्यायला लावलं. तलाव भरला होता. पाऊस थांबून ढग फाटले होते आणि ऊन तिरपं आलं होतं. आईला हाताला धरून बांधावर चढवलं. ती नारळ घेऊन उभी राहिली आणि मी समोर पाहिलं.

बांध पूर्वेला. पाणी पश्चिमेला. सूर्य तलावावर टेकला होता आणि लाल होऊन पाण्यात उतरत होता.

इतकी वर्षं मी त्या बांधावर उभी राहिले होते आणि मला हे कधी दिसलंच नव्हतं, कारण मी पोरांकडं आणि नारळाकडं बघायची. मला एकदम रडू आलं. आई चुकली नव्हती, तिचे दोन पाणवठे एकमेकांत मिसळले होते. आणि ते तिला सांगावं की नाही, हे मला कळेना. सांगितलं तर मामाचंच खरं, ती नगरची. नाही सांगितलं तर ती अशीच गप्प राहणार.

आईच म्हणाली, "असाच. बघ. असाच बुडायचा."

मी म्हटलं, "आई, हा तलाव आहे."

"मग? मला दिसत न्हाई व्हय?" ती चिडली. मग बराच वेळ बघत राहिली. नारळ तिच्या हातातच होता. सूर्य अर्धा झाला तेव्हा ती सावकाश बोलायला लागली, माझ्याशी की स्वतःशी, ते समजलं नाही. "खडप्याला मी सूर्य कवा बघनार गं? पहाटं होड्या लागायच्या. पान्याकडं पाठ करून मासळी निवडत बसायची. मग टोपली घेऊन शहराकडं पळायचं. सांजंला चुलीम्होरं धूर. डोकं वर काढाय कुनाला येळ? सूर्य बघायला मी हितं शिकले. तुज्या अण्णांनी दावला. पैल्यांदा आनलं तवा म्हनले, तुझा दर्या न्हाई माझ्याकडं, पर एवढं हाय."

मला हे माहीतच नव्हतं. तिलाही ते त्या क्षणापर्यंत आठवलं नसावं. ती म्हणाली, "लई घोळ झाला बाय. मला वाटलं ते तिकडचं."

मी विचारलं, "मग तन्वीला काय सांगू?"

तिनं नारळ सोडला. तो डुलत डुलत थोडा पुढं गेला. "सांग, आजीला सूर्य ठावं न्हाई. आजीची पाठ हुती तिकडं. मामाला पायजे तसा काढू दे तिला. पन मला भांग ठावं हाय. म्हनावं, भांगाचं पानी काढ. गप बसल्यालं, होड्या जागच्या जागी. भांगालाच गावात समदी मानसं घरी असायची." मग सवयीनं आकाशाकडं पाहून ती म्हणाली, "आज पुनव. तिकडं आता पार उतरलं असंल पानी." बऱ्याच दिवसांनी म्हणाली. मी तिचा हात जरा घट्ट धरला. परतताना तिनं रिक्षावाल्याला पोस्ट उद्या उघडं असतं का ते विचारलं.

भिंत पौर्णिमेला पुरी झालीच नाही, पावसानं रंग धरेना. फोटो आला तो गोकुळाष्टमीला. तन्वीनं सोबत आवाज पाठवला होता. "आजी, तुमचं पाणी काढलंय. आणि तुम्हालाही. आजोबा म्हणतात सूर्य उगवतोय. तुम्ही बघून सांगा." मागून मामाचा आवाज, "राखी पोचली गो ताई. उशिरा पोचली, पण पोचली."

आईला मोबाईलवर नीट दिसेना. मी दुकानातल्या कलर प्रिंटरवर तो मोठा करून काढला. कागद सरकत सरकत बाहेर आला. आधी आकाश, मग पाण्यावर टेकलेला अर्धा लाल गोळा, मग होड्या, अगदी स्थिर. मी त्या अर्ध्या गोळ्याकडं किती वेळ पाहिलं. उगवतोय की बुडतोय, काही कळेना. अजूनही कळत नाही. रंगवलेल्या सूर्यावरून ते कुणाला कळणार? सगळ्यात शेवटी, खालच्या बाजूला, एक बाई बाहेर आली. बसलेली, पुढ्यात टोपली, पाण्याकडं पाठ, आणि तोंड आपल्याकडं.

रशीदाचाची त्याच वेळी डबा द्यायला आल्या होत्या. त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "ही तर आपलीच बाई हाय की." आईनं प्रिंट मांडीवर घेतली आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. आईचं वय तेव्हा माझ्या कॉलेजातल्या पोरीएवढं असेल.

ती प्रिंट आता दुकानाच्या भिंतीवर आहे. रंग थोडे फिकटलेत. यंदाचा श्रावण लागला आहे. पावसाची बुरबुर, कपडे ओले, आणि पुन्हा दिवसभर तिथी. आज सकाळी मागच्या खोलीतून हाक आली. मी सांगितलं, अष्टमी. "म्हंजी भांग," ती म्हणाली आणि भिंत धरत धरत दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती चित्रासमोर उभी राहिली, पाण्याकडं पाठ करून बसलेल्या त्या पोरीकडं बघत, आणि अगदी हळू, लेकीला समजावावं तशी म्हणाली, "अगं, आज काय जाळ्यात न्हाई यायचं. ठेव ती टोपली खाली. मागं वळून बघ तरी एकदा."